केमोनंतर पुढे काय?



फुप्फुसाच्या कर्करोगावर केमो झाली, काही महिने बरे गेले आणि आजार पुन्हा वाढला, की घरचे डॉक्टरांना विचारतात, ‘आता पुढे काय?’ 2015पर्यंत स्क्वॅमस प्रकारच्या रुग्णांसाठी याचं नेहमीचं उत्तर होतं डोसिटॅक्सेल. म्हणजे पुन्हा केमोच.

त्या वर्षी निव्होलुमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजाराशी लढणाऱ्या आपल्या टी पेशींवर पीडी-वन नावाचं प्रथिन असतं. जपानच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनं ते 1992मध्ये जगापुढे आणलं. कर्करोग त्याचाच लगाम करून टी पेशींना आवरून धरतो. निव्होलुमॅब तो लगाम सोडवतं. चाचणीतले 272 रुग्ण आधी केमो घेतलेले होते. निम्म्यांना हे औषध, बाकीच्यांना डोसिटॅक्सेल; कोणाला काय, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं. आणि तुलना प्रचलित औषधाशी होती, म्हणून तिला वजन आहे.

डोसिटॅक्सेलच्या गटातले निम्मे रुग्ण सहा महिन्यांपलीकडे जगले, निव्होलुमॅबच्या गटातले निम्मे 9.2 महिन्यांपलीकडे. तीन महिने! एवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट हातून निसटते. या आणि हिच्या जोडीच्या दुसऱ्या चाचणीतले रुग्ण पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा डोसिटॅक्सेलच्या गटात शंभरातले जेमतेम तीन हयात होते, निव्होलुमॅबच्या गटात तेरा. या आजारात पाच वर्षं ही फार मोठी गोष्ट आहे. पण उरलेल्या सत्त्याऐंशी जणांबद्दलही रुग्णाला मोकळेपणानं सांगायला हवं. शिवाय लगाम सुटलेल्या टी पेशी कधी आपल्याच फुप्फुसावर, आतड्यावर उलटतात. दम वाढला, जुलाब लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच कळवा.

राहिला खर्च. तो डोसवर ठरतो. त्या चाचणीत वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, असा डोस होता; साठ किलोच्या माणसाला 180 मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं डोक्या-मानेच्या कर्करोगात केमोच्या गोळ्यांच्या जोडीनं अवघे 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिले. 151 रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगण्याचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. हा निष्कर्ष फुप्फुसाला तसाच लावता येत नाही. त्यासाठी फुप्फुसाच्याच रुग्णांत, मोठ्या संख्येनं, कमी डोसची पूर्ण डोसशी तुलना व्हायला हवी. पूर्ण डोस परवडेपर्यंत थांबायला या रुग्णांपाशी वेळ नाही. ही तुलना सरकारी पैशातून व्हावी, असं मला मनापासून वाटतं.