मारायला एक जंतू सापडेना: आयबीडी आणि आपल्या आतड्यातली वस्ती

हिंगणघाटहून बोलतोय. मागे घरघर ऐकू येत असेल तर तो कूलर आहे. मे महिन्यात आमच्याकडे कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणं माणसाला झेपत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय दोन-तीन जणांनी व्हॉइस नोट पाठवून मागितला. एकाचा प्रश्न तर मला जसाच्या तसा आवडला: "दादा, हा आयबीडी पोटातल्या जंतूंमुळे होते म्हणतात. मग जंतू मारायची गोळी घेतली तर बरा काहून नाही होत?"

भाऊ, याच प्रश्नापाशी मोठमोठे डॉक्टर जवळपास शंभर वर्षं अडकून होते.

आधी नावाचा घोळ मिटवू. आयबीडी म्हणजे इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज. आतड्याला सूज येते, जखमा होतात, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. कधी शांत असतं, कधी भडकतं. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो, गुदद्वारापासून सुरू होऊन वर सरकतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्ये मध्ये चांगलं आतडं सोडून, आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आयबीएस हे तिसरंच प्रकरण. त्यात त्रास खरा असतो, पण आतड्याला जखमा नसतात. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून गूगल करताना जपून.

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. हे सगळं वाचायला लागलो ते माझ्या आतेभावामुळे. वय तेवीस. संडासमधून रक्त पडायचं, आव पडायची. घरच्यांनी ठरवलं, मूळव्याध. आठ महिने 'बिना ऑपरेशन, बिना दुखणं' वाले चूर्ण झाले, मलम झालं. मधूनमधून पोट जास्तच बिघडलं की मेडिकलवर जाऊन "लूज मोशनची द्या". आता मेडिकलवाला काय देतो ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे: ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची एकत्र गोळी. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. वजन अकरा किलो उतरलं तेव्हा कुठे नागपूरला दुर्बीण घालून तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला.

म्हणून इथेच सांगून टाकतो. रक्त पडणं, आव पडणं, रात्री झोपेतून उठून संडासला पळावं लागणं, वजन उतरणं, अंगात रक्त कमी होणं, यातलं काही दोन-चार आठवडे टिकलं तर ते लपवून ठेवू नका. तरुण पोरं लाजेपायी सांगत नाहीत, आणि मुली तर त्याहून नाही.

आता जंतूंकडे.

आपल्या डोक्यात आजाराचं एक चित्र पक्कं बसलंय. एक आजार, एक जंतू, एक औषध. हे चित्र उगाच बसलेलं नाही. १८८२ साली रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू शोधला आणि खरंच तसं निघालं. गंमत म्हणजे आपल्या देशात क्रोन्सचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो टीबीशीच. आतड्यालाही टीबी होतो. दोघांना आवडणारी जागा एकच, लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तो कोपरा. दोघांत पोटदुखी, ताप, वजन उतरणं. दुर्बिणीतून जखमा दिसतात त्याही सारख्या, आणि तुकडा काढून तपासला तरी प्रत्येक वेळी उत्तर मिळत नाही. मग डॉक्टर काय करतात, तर टीबीची औषधं सुरू करतात आणि दोनेक महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात. जखमा भरल्या तर टीबी. नाही भरल्या तर क्रोन्सचा विचार. उलट चूक झाली तर जास्त महागात पडते, कारण क्रोन्सची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबतात आणि दबलेला टीबी उसळी मारतो. त्यामुळे असा पेशंट तुमच्या घरात असेल आणि डॉक्टर "आधी टीबीची औषधं देऊन बघू" म्हणाले, तर लगेच डॉक्टर बदलायला धावू नका.

तर टीबीसारखाच क्रोन्सचाही एक जंतू असणार, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. १९१३ साली डॅलझील नावाच्या स्कॉटिश सर्जनने लिहून ठेवलं की माणसाच्या आतड्याचा हा आजार गुरांच्या जोन्स रोगासारखा दिसतो. जोन्स रोगाचा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंदच. डॉ. क्रोन यांचं नाव आजाराला लागलं ते नंतर, १९३२ च्या लेखामुळे. पण गुरांच्या जंतूवरचा संशय कित्येक दशकं गेला नाही. शेवटी ऑस्ट्रेलियात क्रोन्सच्या पेशंटना त्या जंतूविरुद्धची अँटिबायोटिक्स दोन वर्षं देऊन पाहिली. निकाल २००७ मध्ये आला. सुरुवातीला थोडा फरक दिसला, टिकणारा फायदा नाही. एकच गुन्हेगार पकडायचा बेत तिथे बराचसा थंडावला.

पण जंतू निर्दोष आहेत असंही नाही! बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट पाहिली. क्रोन्सचा खराब भाग कापून काढला आणि मागचं आतडं तात्पुरतं पोटावर काढलं, म्हणजे पुढच्या आतड्यातून मळ जाईना. तो भाग शांत राहिला. रस्ता पुन्हा जोडला, आजार परत आला. १९९८ मध्ये त्यांनी पेशंटच्याच आतड्यातला पातळ मळ त्या बंद भागात सोडून पाहिला, तर आठवड्याभरात सूज सुरू. उंदरांमध्येही तेच. ज्यांना जन्मतःच कोलायटिस व्हायचा असे उंदीर पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवले तर त्यांना तो होत नाही.

म्हणजे जंतूंशिवाय आजार होत नाही, आणि एक जंतू पकडून मारता येत नाही. मग नेमकं काय होतं?

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जंतू आहेत, जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण तीस लाख कोटी. शरीरात जंतू पेशींच्या दहापट असतात, हा आकडा अजून रील्समध्ये फिरतो. २०१६ मध्ये नीट हिशेब झाला तेव्हा मामला जवळपास बरोबरीचा निघाला.

या वस्तीतली एक जमात नाव घेण्यासारखी आहे, फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झाय. उच्चाराला माफी. आपल्याला जो चोथा पचत नाही, ज्वारीतला, तुरीतला, पालेभाजीतला, त्यावर हे आणि यांच्यासारखे जंतू जगतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे सत्तर टक्के ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात. मला हे वाचून जरा चक्रावल्यासारखं झालं होतं. आपण जेवतो, आणि आपल्याच आतड्याची भिंत जंतूंनी रांधलेलं खाते.

आता यातली साखळी बघा. ब्युटिरेट जाळताना पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन पोचत नाही. आणि या उपकारी जंतूंना तेच हवं असतं, ऑक्सिजन लागला की ते काही मिनिटांत मरतात. सूज आली की पेशी ब्युटिरेट जाळणं कमी करतात, ऑक्सिजन आत झिरपतो, हे जंतू मरतात, आणि ई-कोलायच्या कुळातले, ज्यांना ऑक्सिजन चालतो, ते जागा बळकावतात. त्यांतले काही अस्तराला चिकटतात, आत घुसतात. प्रतिकारशक्ती अजून चिडते, सूज अजून वाढते, ब्युटिरेट अजून घटतं. आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात, आणि असा लूप प्रॉडक्शनमध्ये सुरू झाला की सुरुवात कुठून झाली हे लॉग बघून कळत नाही. इथेही तेच झालंय. जंतू बिघडले म्हणून सूज आली, की सूज आली म्हणून जंतू बिघडले, यावर अजून भांडण मिटलेलं नाही. बहुधा दोन्ही, माणसागणिक वेगळं.

म्हणून ती मेडिकलवरची गोळी. ती वस्तीत गोळीबार करते. दोन-चार भामटे मरतात, सोबत रांधणारेही मरतात. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ पू झाला असेल तर अशा काही ठिकाणी डॉक्टर अँटिबायोटिक देतात, ते वेगळं. आतेभावाला आता जी मेसालामाइन चालू आहे ती जंतू मारत नाही. ती सूज उतरवते. लूप तिकडून तोडायचा.

आता आपल्याकडचा भाग. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-टू. पेशीला जंतूंची चाहूल देणारं जनुक आहे ते. युरोपात मोठा गाजावाजा झाला. पण युरोपातल्या पेशंटमध्ये त्याचे जे बिघाड दिसतात ते भारतीय पेशंटमध्ये जवळपास सापडतच नाहीत. तरी आपल्याकडे आजार वाढतोय. १९९० ते २०१९ या काळात भारतातल्या आयबीडीच्या पेशंटची संख्या अंदाजे दुप्पट झाली, सुमारे २ लाख ७० हजारांपर्यंत. तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ताट बदलतं, औषधं बदलतात, शहर बदलतं.

जंतूंचंही तसंच. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पोटातल्या जंतूंवर बरंच काम केलंय. २०१२ चा त्यांचा एक छोटा अभ्यास मला फार आपला वाटतो. दोन एकत्र कुटुंबं, एकाच छताखाली राहणाऱ्या तीन पिढ्या, आणि प्रत्येक पिढीतल्या एकाच्या पोटातले जंतू. असा नमुना गोळा करायला एकत्र कुटुंबच हवं. पुढे २०१६ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की भारतीय पोटात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू जास्त दिसतात. प्रिव्होटेला हा धान्य-डाळी जास्त खाणाऱ्यांच्या पोटातला रहिवासी. म्हणजे निरोगी अमेरिकन पोट आणि निरोगी वऱ्हाडी पोट सारखं दिसत नाही. हे लक्षात ठेवा, कारण इन्स्टाग्रामवर सध्या घरबसल्या मळ तपासून 'गट स्कोअर' देणाऱ्या जाहिराती येतात. पहिला प्रश्न विचारायचा: कोणाच्या पोटाशी तुलना करून स्कोअर देता? आणि आयबीडी आहे की नाही हे त्या स्कोअरवरून ठरत नाही, ते दुर्बिणीने आणि तुकडा तपासूनच ठरतं.

प्रोबायोटिकच्या पुड्यांचंही तेच. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये प्रोबायोटिक अभ्यासाबाहेर वापरू नयेत. ताक प्यायचं तर प्या, ते ताक आहे. औषध म्हणून पुडीवर महिन्याला दीड-दोन हजार घालू नका.

मग पूर्ण वस्तीच नवीन वसवली तर? तेही करून पाहिलंय, आणि भारतातच. दिल्लीच्या एम्समध्ये सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ६६ पेशंटवर प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. एका गटाला निरोगी लोकांच्या मळातले जंतू सात आठवडे, दर आठवड्याला, दुर्बिणीतून दिले. सोबत सूज कमी करणारा आहार. ३५ पैकी २१ जणांचा आजार शांत झाला. नेहमीची औषधं वाढवून दिलेल्या गटात ३१ पैकी १०. आकडे छोटे आहेत, पण दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. जंतूंचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे मात्र यातून वेगळं काढता येत नाही. आणि कृपा करून यूट्यूब बघून घरी करू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा ई-कोलाय अंगात गेला आणि एक पेशंट दगावला. तोही हॉस्पिटलच्या देखरेखीखाली.

राहिलं जेवण. घरोघरी हाच वाद असतो. आत्याचं म्हणणं, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आंबील हेच खा, बाहेरचं बंद कर. निरोगी पोटासाठी आत्या बरोबर आहे, वर सांगितलेले रांधणारे जंतू याच चोथ्यावर जगतात. पण आजार भडकलेला असताना, आणि क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर, तोच चोथा अडकू शकतो, कळा येतात, कधी ऑपरेशनची वेळ येते. त्यामुळे आतेभावाला भडकलेल्या काळात मऊ भात-वरण सांगितलं होतं, आणि शांत झाल्यावर हळूहळू भाकरीवर आणलं. तर्री-पोहे अजून परत मिळालेले नाहीत, त्याचं त्याला फार वाईट वाटतं. दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांनी बजावलंय, डोकं दुखलं म्हणून आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घ्यायची नाही, त्याने आजार भडकू शकतो.

गोळी बंद करायचा मोह मात्र त्याला दर दोन महिन्यांनी होतो. "आता तर बरं वाटून रायलं ना." बरं वाटणं आणि आतून भरून येणं या दोन गोष्टी वेगळ्या निघतात बऱ्याचदा. आतली सूज दर वेळी दुर्बीण न घालता बघायची एक मळाची तपासणी आहे, कॅल्प्रोटेक्टिन. ती कशी काम करते, आकडा कसा वाचायचा आणि आपल्याकडे तिला किती खर्च येतो, हे पुढच्या भागात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगितलं नाही तरी चालेल.