सांडपाणी शेतात मुरल्यानंतर



खडकवासल्याचे गोडे पाणी पुणे शहराने घ्यावे आणि मोबदल्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला द्यावे, असा व्यवहार ठरला. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली गेली. जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे आपल्या बोलीतल्या बेबी कालव्यात, वर्षाला ६.५ टीएमसी पाणी सोडण्याचे योजिले. प्रक्रिया पुरेशी होते काय, यावर आपण भांडतो. ते भांडण रास्तच आहे. परंतु हे पाणी शेतात मुरल्यावर पुढे जाते कोठे, हा प्रश्न सभांतून क्वचितच निघतो.

धरणाचे पाणी आवर्तनाने येते; मधल्या काळात जमिनीला उसंत मिळते. शहराचे सांडपाणी बारमाही, भर पावसाळ्यातही वाहतेच. भारी काळ्या जमिनीत ते साचून राहते. भूजल मीटर-दीड मीटरच्या आत आले की क्षार पृष्ठभागाकडे चढतात. धुण्याच्या साबण-सोड्यातील सोडियम मातीची घडण मोडतो. जमीन प्रथम चिबडते, मग चोपण होते. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर तर नदीच्या स्वच्छ पाण्यानेही जमिनी क्षारपड झाल्या. पाणी आणि शेती यांचा मेळ घालण्यासाठी मुंबई सरकारने १९१६ साली जो खास सिंचन विभाग काढला, त्याचीच वाढ होऊन झालेली संशोधन संस्था आज खडकवासल्यालाच उभी आहे! दिव्याखाली अंधार तो हाच.

उपाय ठाऊक आहे: भूमिगत निचरा. मीटरभराहून खोल, गाळणीचे कापड गुंडाळलेल्या सच्छिद्र नळ्या ठरावीक अंतरावर पुरायच्या आणि त्यांचे पाणी मुख्य नळीतून नाल्याला काढायचे. नळी शेजाऱ्याच्या रानातून जाते, नाला खोल करावा लागतो. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. सांगली-कोल्हापूरकडे शेतकऱ्यांनी ते सामुदायिकपणे केले आहे. सांडपाण्याच्या रानात मात्र दोन अडचणी अधिक. गाळाने व बुळबुळीत थराने नळ्या तुंबतात, त्या वेळोवेळी धुवाव्या लागतात. आणि निचऱ्याच्या पाण्यातून नायट्रेट वाहत जाऊन खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. नळीच्या तोंडाला झडप बसवून पीक उभे असताना पाणी मुळांखाली बेताने अडवले, तर बराच नत्र पिकाच्या कामी येतो. पावसाळ्यापूर्वी झडप उघडायची. हे न करता नुसत्या नळ्या पुरणे म्हणजे आपली घाण पुढच्याच्या दारात लोटणे.

आता खर्च. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला बाह्य खर्च म्हणतो, तो येथे उघड्या डोळ्यांना दिसतो. धरणाच्या पाण्याचा लाभ शहराच्या खात्यावर, नापीक जमीन दोन एकरांच्या धन्याच्या खात्यावर! निचऱ्याचा भांडवली खर्च आणि नळ्यांची देखभाल ही सांडपाणी योजनेच्याच अंदाजपत्रकात धरली पाहिजेत, ही आपली मागणी कालवा सल्लागार समितीपुढे गेली पाहिजे.

मागणीला आकड्यांचे बळ हवे. प्रत्येक गावाने चार-पाच रानांत दोन मीटर खोलीच्या छिद्रांच्या नळ्या उभ्या रोवाव्यात आणि दर पंधरवड्याला काठी टाकून आतल्या पाण्याची पातळी वहीत लिहावी. वैशाखात सुरुवात केली, तर पावसाच्या आधीची पातळी हाती लागेल.