अर्काची परीक्षा

गुळवेलीच्या खोडाचा अर्क प्रयोगशाळेत कसा तपासतात? आधी तो डीपीपीएच या गडद जांभळ्या द्रावणात मिसळतात. रंग पिवळा पडत गेला, की अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आहे असं समजतं.

मग अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो का, हे पाहायला एमटीटी चाचणी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना अर्क देतात आणि नंतर एमटीटी हे पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक बनवतात. जांभळा रंग जितका कमी, तितक्या जिवंत पेशी कमी. पण निरोगी पेशीही मेल्या तर काय उपयोग? म्हणून त्याही तपासतात. पुढे प्राण्यांवर, मग माणसांवर चाचण्या.

उदाहरणार्थ, सह्याद्रीतल्या नरक्या वनस्पतीत कॅम्प्टोथेसिन असतं. त्याच्यावर आधारित टोपोटेकॅन हे कर्करोगावरचं औषध पेशींवरच्या, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांच्या पायऱ्या चढूनच रुग्णांपर्यंत पोहोचलं. तेव्हा कुणी गुळवेलीच्या काढ्याला ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हटलं, तरी डॉक्टरांचे उपचार थांबवू नका.