दोनशे दोन पेट्यांचा हिशोब

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



शहरातील मुलांच्या वाढदिवसांना अलीकडे एक नवे ठिकाण लाभले आहे. त्याला ‘एस्केप रूम’ म्हणतात. पाच-सहा जणांचा गट एका सजवलेल्या खोलीत शिरतो, भिंतीवरचे घड्याळ उलटे धावू लागते आणि तासाभरात खोलीतील कोडी सोडवून बाहेर पडायचे असते. या खोल्यांतील एक अतिशय लोकप्रिय कथानक दरोड्याचे आहे. बँकेची तिजोरी किंवा संग्रहालयातील हिरा खेळाडूंनी संगनमताने पळवायचा असतो. पालकांच्या मनात साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. मुलांच्या हाती चोरीचा खेळ द्यावा काय? आणि द्यायचाच झाला, तर तो कसा रचावा?

या खेळाचा जन्म जपानमधला. संगणकाच्या पडद्यावरील बंद खोलीतून सुटण्याचे खेळ आधीपासून होते. २००७ साली क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी तीच कल्पना पडद्याबाहेर, खऱ्या माणसांच्या गटासाठी प्रत्यक्षात आणली आणि पुढे ती जगभर पसरली. त्यामागचा आनंद मात्र पुरातन आहे. आग्र्याच्या पेटाऱ्यांची गोष्ट ऐकताना मराठी मूल श्वास रोखून धरते, ते याच आनंदापोटी. त्या गोष्टीचे मर्म पेटाऱ्यात नाही, पहारेकऱ्यांच्या सवयीत आहे. रोज मिठाईचे पेटारे जातात, रोज ते तपासले जातात, आणि एक दिवस असा येतो की तपासणाऱ्याला तपासण्याचा कंटाळा आलेला असतो.

याच मर्मावर घडलेली एक खरी घटना कोलकात्याच्या इतिहासात आहे आणि शालेय खेळासाठी तिच्याइतकी योग्य कथा क्वचितच सापडेल. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी, बुधवारी, रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्या पेढीचा माल कस्टम हाउसमधून सोडवून आणायचा होता. एकूण पेट्या २०२. माल सोडवण्याचे हे काम पेढीतील श्रीशचंद्र मित्र हा बंगाली कर्मचारी नेहमीच करीत असे. त्याने रीतसर कागद दाखवले, रीतसर पेट्या ताब्यात घेतल्या आणि त्या बैलगाड्यांवर चढवल्या. व्हॅन्सिटार्ट रो येथील पेढीच्या गोदामात १९२ पेट्या पोहोचल्या. उरलेल्या घेऊन येतो, असे सांगून श्रीशचंद्र गेला आणि परतलाच नाही. मागे राहिलेल्या गाडीवर गाडीवानाच्या वेषात हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता. ती गाडी गोदामाकडे न वळता मलंगा लेनकडे गेली. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. प्रकरण पोलिसांकडे गेले, ते तीन दिवसांनी.

या साऱ्या प्रकारात एकही कुलूप फुटले नाही. भिंतीला भगदाड पडले नाही, गोळी झाडली गेली नाही. माल बाहेर पडला तो कागद, मोजणी आणि विश्वास यांच्या वाटेने. खेळ रचणाऱ्याने येथूनच पहिला धडा घ्यावा. बहुतेक खोल्यांत कोडे म्हणजे चार आकडी कुलूप आणि उत्तर म्हणजे चार आकडे. पाच कुलुपे उघडली की सहावे पुढे येते. त्यातून बोटांना काम मिळते, बुद्धीला फारसे नाही. रॉडा प्रकरणावर बेतलेल्या खोलीत एका मेजावर मालाची मूळ यादी असावी, दुसऱ्यावर गाडीवानांच्या पावत्या, तिसऱ्यावर गोदामाची नोंदवही आणि भिंतीवर जुन्या कोलकात्याचा नकाशा. प्रत्येक कागद स्वतःपुरता खरा असतो. चूक दिसते ती कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर. पिस्तुलांवर क्रमांक होते आणि त्यांची नोंद पेढीकडे होती. तेव्हा त्या नोंदीवरूनही एक कोडे सहज बांधता येते. आठवीतील मुलाला वजाबाकी येतेच. कोणत्या दोन संख्यांची वजाबाकी करायची, हे ओळखणे म्हणजे खरे कोडे.

दुसरा धडा गटाचा आहे. स्कॉट निकल्सन या अभ्यासकाने २०१५ साली अशा १७५ ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध केली. कोड्यांची मांडणी निरनिराळ्या प्रकारे होते, हे तीत दिसते. कुठे कोडी साखळीसारखी एकामागून एक येतात. कुठे सारी एकदम समोर मांडलेली असतात. कुठे दोन-तीन वाटा समांतर धावतात आणि शेवटी एकत्र मिळतात. शाळेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. साखळीची मांडणी केली की वर्गातील सर्वांत चपळ मूल सगळे सोडवते आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून पाहत राहतात. वर्गात जे घडते तेच खेळात घडणार असेल, तर खेळ कशाला हवा? म्हणून वाटा समांतर असाव्यात. नकाशा वाचणारे दोघे, हिशोब तपासणारे दोघे, जुने हस्ताक्षर लावणारे दोघे. आणि शेवटचे उत्तर असे की तिन्ही जोड्यांनी आपापला तुकडा आणल्यावाचून ते पूर्णच होऊ नये. हस्ताक्षर लावणारी अबोल मुलगी ज्या क्षणी ‘थांबा, हा आकडा खोडलेला आहे’ असे म्हणते आणि साऱ्यांना थांबावे लागते, त्या क्षणासाठी ही सारी मांडणी करायची असते.

कोडी लिहून झाली की ती दुसऱ्या वर्गातील मुलांकडून सोडवून घ्यावीत आणि रचणाऱ्याने मुकाट्याने बघत राहावे. मुले जेथे अडतात, तेथे बहुधा मुलांचा दोष नसतो, कोड्याचा असतो. सूचना देण्याची सोय ठेवावी, पण सूचनेने उत्तर सांगू नये. पाहायचे राहून गेलेल्या कागदाकडे फक्त बोट दाखवावे.

तिसरा विषय आनंदाचा नाही, पण तो टाळता येत नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन या गावी अशाच एका खोलीत आग लागली. एका मैत्रिणीचा वाढदिवस साजरा करण्यासाठी गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली बाहेर पडू शकल्या नाहीत आणि गुदमरून मरण पावल्या. कोलकात्यालाही आगीचे दुःख ठाऊक आहे. २३ मार्च २०१० रोजी पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर माणसे अडकली आणि चाळीसहून अधिक जीव गेले. दार बंद होणे हा खेळाचा भाग असू शकतो. दार न उघडणे हा कधीही असू शकत नाही. म्हणून मुलांना अशा ठिकाणी पाठवण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. दार आतून किल्लीशिवाय उघडते काय? दुसरी वाट आहे काय? खेळ चालू असताना कोणी जबाबदार माणूस सतत पाहत असतो काय? घाबरलेल्या मुलाला, कारण न सांगता, मध्येच बाहेर पडता येते काय? एकाही प्रश्नाचे उत्तर अडखळत आले, तर पैसे परत मागावेत. शाळेत असा खेळ मांडताना तर नियम सोपा आहे: कुलूप पेटीला लावावे, दाराला नाही. रॉडा प्रकरणातही कोणाला कोंडलेले नव्हते, तेव्हा कथेचे काहीच बिघडत नाही.

आता पहिला प्रश्न उरतो, मुलांना चोरी खेळायला देण्याचा. बंगालमधील मुले फेलूदा आणि ब्योमकेश बक्षी यांच्या कथांवर वाढली. ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते आणि शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या. या साऱ्या वाङ्मयात गुन्हा आहे. पण वाचक गुन्हेगाराच्या बाजूला बसत नाही, तो सत्य शोधणाऱ्याच्या शेजारी बसतो. खेळातही हे साधता येते. एका गटाने दहा पेट्या नेण्याची योजना आखावी आणि दुसऱ्या गटाने, केवळ कागदांवरून, त्या कोठे निसटल्या ते शोधावे. मग जागा बदलाव्यात. ज्याने फसवणूक रचली, त्यालाच ती पकडण्याचा प्रयत्न करावा लागला की दोन्ही बाजूंची अवघड बाजू कळते.

तरीही एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रॉडाच्या पेट्यांत हिरे नव्हते, पिस्तुले होती. रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९१८ साली निघाला. त्यानुसार ४४ पिस्तुले जवळजवळ लगेच नऊ क्रांतिकारी गटांत वाटली गेली आणि पुढे दरोडा, खून वा तसे प्रयत्न यांच्या ५४ प्रकरणांत ती वापरली गेली. हे सरकारचे म्हणणे. दुसरी बाजूही तितकीच खरी. सप्टेंबर १९१५ मध्ये बालेश्वरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आपल्या चार साथीदारांसह पोलिसांशी लढले, ते याच माउझर पिस्तुलांनी. आणि त्या झुंजीतील जखमांनी त्यांचा अंत झाला. देश ज्यांना हुतात्मा मानतो त्यांच्या हाती ही शस्त्रे होती, आणि ज्यांची नावे कोणी स्मरत नाही अशी माणसेही त्याच शस्त्रांनी मेली. विश्वासाने सोपवलेले काम देशासाठी मोडणारा श्रीशचंद्र बरोबर होता काय, याचे उत्तर चार आकडी कुलुपात बसत नाही.

म्हणून अशा खोलीत शेवटचे एक मेज रिकामे ठेवावे. घड्याळ थांबल्यावर, जिंकलेल्या आणि हरलेल्या दोन्ही गटांनी त्याच्याभोवती बसावे आणि पेट्या उघडल्यानंतर काय झाले ते ऐकावे. येथे वेळेची मर्यादा नसावी आणि गुणही नसावेत. शिक्षकाने आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. मुलांनी विचारले नाही तर सांगूही नये. जी शाळा मुलांना हिशोब शिकवते, तिने त्यांना हेही शिकवावे की काही हिशोब पिढ्यान्पिढ्या तपासत राहावे लागतात.

या कामी माजी विद्यार्थ्यांची मदत मोलाची ठरेल. जे कोणी सीमाशुल्क किंवा मालवाहतुकीच्या कामात असतील, त्यांनी खरी बिले आणि पावत्या कशा असतात ते मुलांना दाखवावे. ज्यांच्या हाती सुतारकाम आहे, त्यांनी पेट्या बनवून द्याव्यात. जे अग्निशमन दलात असतील, त्यांनी खोली सर्वांआधी पाहावी आणि त्यांनी मान डोलावल्यावरच पहिला गट आत जावा. हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेच्या एका वर्गखोलीत एवढे उभे राहिले, तरी पुष्कळ झाले.