परत येणारा अग्निबाण आणि जनतेचा पैसा

(जोतिबा डोंगर, जि. कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या डोंगरावरून पंचगंगेच्या खोऱ्याकडे दृष्टी टाकली की शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतचा फौंड्रींचा मुलूख मनात येतो. तेथील कोणत्याही फौंड्रीत एक साधा हिशेब नेहमी मांडला जातो. दहा-वीस नग ओतायचे असले तर पॅटर्न लाकडाचा करतात. हजारोंची मागणी असली तर धातूचा. धातूचा पॅटर्न महाग खरा, परंतु त्याची किंमत हजारो नगांवर वाटली गेली म्हणजे एका नगावर तिचा भार नाममात्र पडतो. मागणी थोडी असताना जो मालक धातूचा पॅटर्न करून बसतो, त्याचे दिवाळे निघते. चंद्रावर आणि मंगळावर माणसे नेणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या ज्या कथा आज वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात, त्यांच्यामागचे अर्थशास्त्र ह्याहून निराळे नाही. आकाशाचा विषय आहे म्हणून अंकगणित बदलत नाही.

१९५७ साली स्पुटनिक आकाशात गेला तेव्हापासून अग्निबाण ही एकदाच वापरावयाची वस्तू होती. उपग्रह कक्षेत पोचला की त्याला वर नेणारे टप्पे समुद्रात पडत, नाही तर वातावरणात जळून जात. ऊस कारखान्याच्या गव्हाणीत टाकावा आणि ज्या गाडीतून आणला ती गाडीही त्याबरोबर गव्हाणीत लोटावी, असा हा व्यवहार. तो मोडून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन सरकारनेच केला. १९८१ ते २०११ ह्या तीस वर्षांत स्पेस शटलची १३५ उड्डाणे झाली. योजना आखताना वर्षाला पन्नासच्या आसपास उड्डाणे होतील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात एका वर्षात नऊंच्या वर कधी झाली नाहीत. प्रत्येक फेरीनंतर यान जवळजवळ उसकटून पुन्हा जुळवावे लागे. धातूचा पॅटर्न झाला, नग मात्र मोजकेच निघाले. शिवाय १९८६ आणि २००३ च्या दोन अपघातांत चौदा अंतराळवीरांचे प्राण गेले. सरकारी मालकीचे आहे म्हणून काटकसरीचे असते, असे समाजवाद्यांनी मानण्याचे कारण नाही.

जे शटलला साधले नाही ते स्पेसएक्स ह्या कंपनीला साधले, हेही मोकळेपणाने मान्य करावयास हवे. २१ डिसेंबर २०१५ रोजी तिने फाल्कन-९ चा पहिला टप्पा उभाच्या उभा जमिनीवर उतरवला. ३० मार्च २०१७ रोजी एकदा उडालेला टप्पा पुन्हा उडवून दाखवला. २०२४ ह्या एका वर्षात तिची १३० हून अधिक उड्डाणे झाली. पुढे काही टप्प्यांनी तिसाव्या उड्डाणाचा पल्लाही ओलांडला. परतीसाठी इंधन राखून ठेवावे लागते, त्यामुळे वाहावयाचे ओझे घटते. जो अग्निबाण सगळे इंधन जाळून सुमारे २२.८ टन पृथ्वीनजीकच्या कक्षेत नेऊ शकतो, तो टप्पा परत आणावयाचा म्हटल्यास साडेसतरा टनांच्या आसपास नेतो. इतके करूनही व्यवहार किफायतीचा ठरतो, कारण नगांची संख्या मोठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टारशिपचा प्रचंड खालचा टप्पा परत येताना मनोऱ्याच्या यांत्रिक बाहूंनी हवेतच धरला, तो क्षण पाहून थक्क न होणारा माणूस विरळा. कारागिरीला दाद देण्यात कोणाच्या विचारसरणीला बाध येत नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. खर्च घटला, मग भाडे घटले काय? २०१६ च्या सुमारास, टप्पा पुन्हा वापरात येण्यापूर्वी, ह्या कंपनीने जाहीर केलेला एका उड्डाणाचा दर होता ६ कोटी २० लक्ष डॉलर. टप्पे नेमाने परत येऊ लागल्यानंतर, २०२२ साली, तो ६ कोटी ७० लक्ष झाला आणि २०२४ पर्यंत सात कोटींच्या जवळ गेला. मधल्या काळात डॉलरचेही मोल उतरले, हे जमेस धरले पाहिजे. तरी २०२० मध्ये कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने एका उड्डाणाचा सगळा खर्च २ कोटी ८० लक्ष डॉलरच्या घरात येतो असे सांगितले होते, तेही जमेस धरावे. मधले अंतर गिऱ्हाइकाच्या खिशात पडले नाही. ते पडावे असे भाग पाडणारा तुल्यबळ प्रतिस्पर्धीच बाजारात नव्हता. कंपनीची बहुतेक उड्डाणे तिच्याच स्टारलिंक उपग्रहांसाठी होतात. म्हणजे स्वस्ताईचा पहिला उपभोग तिने स्वतः घेतला आणि त्या बळावर इंटरनेटच्या नव्या धंद्यात मुसंडी मारली. तंत्रज्ञानाने खर्च कमी होतो, भाव मात्र मालकीवर ठरतो, हा धडा कापडगिरण्यांच्या इतिहासातही शिकावयास मिळाला होता.

आणि हे तंत्र एका धाडसी उद्योजकाच्या पदरच्या पैशाने जन्मले, ही समजूत तर अगदीच कच्ची आहे. अग्निबाण उभ्याने उतरविण्याचे प्रयोग अमेरिकेने १९९३ पासून डीसी-एक्स ह्या यानावर सरकारी पैशाने केले होते. स्पेसएक्सची पहिली तीन उड्डाणे फसली. चौथे सप्टेंबर २००८ मध्ये साधले तेव्हा गंगाजळी संपत आली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने तिला १६० कोटी डॉलरचे कंत्राट दिले. एप्रिल २०२१ मध्ये चंद्रावर माणसे उतरविणाऱ्या यानासाठी २८९ कोटी डॉलर आणि मे २०२३ मध्ये ब्लू ओरिजिन ह्या दुसऱ्या धनाढ्य कंपनीला त्याच कामासाठी सुमारे ३४० कोटी डॉलर देण्याचे ठरले. करदाता हा ह्या धंद्यातला सर्वांत मोठा भांडवल पुरविणारा होय. फक्त त्याच्या नावाचे भागपत्र निघत नाही.

आता घराकडे वळू. अवकाश कार्यक्रमात खाजगी कारखाने आत्ताच आले असे नाही. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात एसएलव्ही-३ च्या काळापासून अग्निबाणाच्या मोटारींची पोलादी आवरणे बनत आली आहेत. विक्रोळीत गोदरेजच्या कामगारांनी विकास इंजिने घडविली, पवईत लार्सन अँड टुब्रोने मोठ्या बूस्टरांचे भाग केले. चंद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी उचलून नेणाऱ्या अग्निबाणात ह्या मराठी मुलखातील वेल्डरांचे आणि टर्नरांचे श्रम होते. परंतु त्या जुन्या व्यवस्थेत कारखानदार हा मजुरीने काम करून देणारा होता. आराखडा इस्रोचा, ज्ञान इस्रोचे आणि जोखीम सरकारी तिजोरीची. ऑगस्ट १९७९ मध्ये एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले, तोटा जनतेने सोसला. १८ जुलै १९८० रोजी यश आले. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते, आणि घन इंधनाचे स्वदेशी तंत्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये पीएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले, तोटा पुन्हा जनतेचा. १९९४ मध्ये ते साधले. विकास इंजिनाची कथा तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९७४ च्या फ्रान्सबरोबरच्या करारात भारताने रोकड मोजली नाही. आपल्या इंजिनियरांचे शंभर मनुष्यवर्षांचे श्रम दिले आणि त्या बदल्यात तंत्र घेतले. श्रीहरिकोटाच्या बेटावरून उठविलेल्या यानादी आदिवासींनी काय दिले, त्याची मोजदाद तर कोणत्याच ताळेबंदात नाही.

जून २०२० मध्ये ह्या व्यवस्थेचा पाया बदलला. खाजगी कंपन्यांनी नुसते भाग न बनविता स्वतःच्या मालकीचे अग्निबाण बांधावे आणि उडवावे असे ठरले; त्यांना परवाने देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली. २०२३ मध्ये नवे अवकाश धोरण आले, २०२४ मध्ये प्रक्षेपकांच्या धंद्यात ४९ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवल थेट येऊ देण्याचे ठरले, आणि नव्या कंपन्यांसाठी १००० कोटी रुपयांचा निधी मंजूर झाला. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये आपले छोटे अग्निबाण उडविले. त्या तरुणांच्या हुशारीविषयी संशय नाही. दोघांचीही उड्डाणे श्रीहरिकोटाच्या सरकारी तळावरून झाली, एवढेच ध्यानात असू द्यावे. इस्रोने विकसित केलेला लहान प्रक्षेपक, एसएसएलव्ही, २०२५ मध्ये लिलावात निघाला, तेव्हा ५११ कोटी रुपयांच्या बोलीने तो हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे गेला. सार्वजनिक ज्ञान ह्या वेळी सरकारी कंपनीच्या हाती राहिले, ते इतर गटांची बोली कमी पडली म्हणून. धोरणाने राखले म्हणून नव्हे.

ह्या सगळ्यात खरी कसोटीची गोष्ट पुढेच आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८२४० कोटी रुपये मंजूर केले. तीस टनांपर्यंत ओझे पृथ्वीनजीकच्या कक्षेत नेणारा हा अग्निबाण असेल आणि त्याचा पहिला टप्पा परत येणारा असेल. हा निर्णय योग्यच होय. उलट उशीर झाला असे म्हणावे लागेल: मे २०१६ मध्ये पंख असलेल्या यानाचा पहिला प्रयोग करून इस्रोने चांगली सुरुवात केली होती, पुढचा उतरण्याचा प्रयोग चित्रदुर्ग जिल्ह्यात झाला तो एप्रिल २०२३ मध्ये. सात वर्षांची ही दिरंगाई सार्वजनिक क्षेत्राच्या टीकाकारांच्या हाती आयते कोलीत देते आणि त्याचे उत्तर घोषणांनी देता येत नाही.

पण ह्या ८२४० कोटींच्या मंजुरीतच उद्योगांनी आरंभापासून सहभागी व्हावे आणि उत्पादनाची क्षमता उभारावी असे म्हटले आहे. अग्निबाण परत येऊ लागला, नगांची संख्या वाढली, खर्च उतरला म्हणजे ती बचत कोणाकडे जाणार, हे मात्र कोठे लिहिलेले दिसत नाही. कोळ्यांना वादळाची सूचना देणारा किंवा पावसाचा अंदाज करणारा उपग्रह सोडताना सरकारला पूर्ण बाजारभाव मोजावा लागणार की खर्चाइतका दर? तंत्र घेणाऱ्या कंपनीच्या नफ्यात तिजोरीचा कायमचा हिस्सा राहणार की एकदाच बोलीची रक्कम घेऊन हात झटकले जाणार? हिशेब संसदेपुढे उघडे राहणार की व्यापारी गुपित म्हणून कुलपात जाणार? आणि ज्या कारखान्यांत हे भाग ओतले, कातले आणि जोडले जातील तेथील कामगार कायम असतील की ठेकेदाराच्या हजेरीपटावर? उड्डाणांची संख्या वाढवावयाची तर कारखान्याची पाळीही वाढते, हे फौंड्रीत राबणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

मंगळाच्या गोष्टीत फार वेळ घालविण्याचे कारण नाही; तरी वरचाच हिशेब तेथे लावून पाहावा. पृथ्वीवरून मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. जो टप्पा पृथ्वीभोवतीच्या कामासाठी महिन्याभरात पुन्हा उडू शकतो त्याची किंमत पुष्कळ फेऱ्यांवर वाटली जाते. मंगळाला जाऊन येणारे यान मात्र दोन-सव्वादोन वर्षांतून एकदा मोकळे होणार. एवढ्या मंद फेऱ्यांवर भांडवल फिरत नाही. तेथून आणून विकता येईल असा मालही नाही. तेव्हा मंगळाच्या वसाहतीचा खर्च कोणा तरी सरकारने उचलल्याखेरीज ती होणे नाही, आणि मालकीचा प्रश्न तेथेही हाच उभा राहील.

चंद्राच्या बाबतीत तो उभा राहिलाच आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला स्वामित्व सांगता येत नाही. १९७९ च्या चंद्रकराराने तर त्याची संपत्ती ही सर्व मानवजातीचा वारसा ठरविली. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, पण पुढचे अनुमोदन दिलेच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा करून तेथून काढलेल्या द्रव्याची मालकी आपल्या खाजगी नागरिकांना बहाल केली. जून २०२३ मध्ये भारताने ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यात असे द्रव्य काढणे म्हणजे स्वामित्व सांगणे नव्हे, असे नमूद आहे. गायरानावर मालकी कोणाची नाही, पण गवत कापून नेणाऱ्याचे गवत त्याचे, असा हा न्याय. ज्याच्यापाशी परत येणारा अग्निबाण, त्याच्यापाशी विळा. ह्या गायरानाच्या प्रश्नावर आपल्या संसदेत एक पूर्ण दिवसाची चर्चा व्हावी आणि ८२४० कोटींच्या योजनेतील हस्तांतरणाच्या अटी त्याच चर्चेत सभागृहापुढे ठेवाव्या, ही मागणी आपल्या प्रतिनिधींमार्फत करता येण्याजोगी आहे. अटी ठरून करार झाल्यावर ती करण्यात अर्थ उरणार नाही.