दाराशी आलेला माणूस
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर उभं राहायचं आणि अमेरिकेतल्या चर्चबद्दल बोलायचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. विषय कळवला तेव्हा आपल्या चिटणीसांनीही फोनवर विचारलं, "काका, आपल्याकडे विषय कमी पडले का?" कमी पडले नाहीत. पण २०२५ च्या ५ फेब्रुवारीला, अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकेचं एक लष्करी विमान उतरलं. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, हातापायांत बेड्या घालून आणलेले. त्यांतले ३३ आपल्या गुजरातचे आणि ३ महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो, तर बाकावर हीच चर्चा. एक जण म्हणाला, "बरं झालं. कायदा मोडला की भोगावं लागतं." दुसरा म्हणाला, "बिचारे. जमिनी विकून गेले असतील हो." मला दोघांचंही पटलं आणि त्याचाच त्रास झाला. कायदा आणि कळवळा यांच्या मध्ये देवाधर्माचं नाव घेणाऱ्या माणसांनी कुठे उभं राहायचं? हा प्रश्न फार कसाला लागला अशी एक हकीकत मी वाचली आहे. ती आज सांगतो.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात तुसॉन नावाचं शहर आहे. मेक्सिकोची सरहद्द तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवर. मध्ये सगळं वाळवंट, निवडुंगांचं. जुलै १९८० मध्ये त्या वाळवंटात एल साल्वादोर देशातली काही माणसं सापडली. पैसे घेऊन सरहद्द ओलांडून देणाऱ्या दलालांनी त्यांना अर्ध्यावर सोडून पळ काढला होता. तेरा जण उन्हाने आणि तहानेने मेले होते. जे जगले त्यांना सांभाळायला तुसॉनमधल्या चर्चची मंडळी पुढे आली. त्यांना वाटलं होतं, ही माणसं कामधंद्यासाठी आली असतील. पण ती एकच विनवणी करत होती, आम्हाला परत पाठवू नका, परत पाठवलंत तर मारून टाकतील.

हे खोटं नव्हतं. एल साल्वादोरमध्ये तेव्हा यादवी सुरू झाली होती. ती १९९२ पर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे ७५ हजार माणसं गेली. त्याच वर्षी २४ मार्चला तिथले आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना, वेदीपाशीच गोळी घालण्यात आली. गरिबांना मारू नका असं ते लष्कराला जाहीरपणे सांगत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. शेजारच्या ग्वातेमालातही तीच तऱ्हा होती.

आता कायद्याची बाजू पाहा. त्याच मार्च महिन्यात अमेरिकेने निर्वासितांसाठी नवा कायदा केला होता. वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी ज्याला मायदेशी छळाची रास्त भीती आहे त्याला आश्रय मागता येईल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. पण एल साल्वादोरच्या सरकारला पैसा आणि शस्त्रं देत होतं अमेरिकेचंच सरकार. मग आपल्या मित्राच्या सैन्याला भिऊन लोक पळताहेत हे कबूल कसं करायचं? १९८४ चे आकडे बोलके आहेत. आश्रय मागणाऱ्या इराणी लोकांपैकी ६० टक्क्यांना तो मिळाला, अफगाणांपैकी ४० टक्क्यांना. एल साल्वादोर आणि ग्वातेमालाच्या लोकांना तीन टक्क्यांहूनही कमी. कायदा एकच होता. माणूस कुणाच्या भीतीने पळाला, यावर त्याचा अर्थ बदलत होता.

या गोष्टीतल्या एका माणसाचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. जिम कॉर्बेट. आपले कुमाऊँचे वाघवाले नव्हेत. हे तुसॉनजवळ राहणारे, शेळ्या राखणारे. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकलेले, संधिवाताने हातपाय वाकडे झालेले. पंथाने क्वेकर. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक लहानसा पंथ. युद्धाला त्यांचा ठाम विरोध असतो. मे १९८१ मध्ये कॉर्बेटना कळलं, की ओळखीच्या एकाच्या गाडीतून जाणाऱ्या साल्वादोरच्या एका तरुणाला सरहद्दीच्या पोलिसांनी पकडून नेलंय. कुठे ठेवलंय हे कुणी सांगेना. कॉर्बेटनी फोन लावला आणि नुसतं आपलं नाव सांगितलं. तुसॉनचे एक माजी महापौर याच नावाचे होते. पलीकडच्या माणसाने मुकाट्याने सगळी माहिती दिली!

सुरुवातीला या मंडळींनी सगळं सरळ मार्गाने केलं. जामिनासाठी वर्गणी गोळा केली, वकील लावले, एकेकाचे आश्रयाचे अर्ज भरले. अर्ज नामंजूर होत राहिले. म्हणजे पकडलेल्याला सोडवायचं, त्याच्यासाठी धावाधाव करायची आणि शेवटी त्याला विमानात बसताना पाहायचं. तेव्हा कॉर्बेट तुसॉनच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे पाद्री जॉन फाइफ यांच्याकडे गेले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: गुलामांना लपवून सोडवणारे लोक आपल्या देशात होऊन गेले, त्यांचा आपण अभिमान सांगतो. आणि जर्मनीत ज्यूंना नेत होते तेव्हा बहुतेक चर्च गप्प बसली. आज आपल्या दाराशी माणूस आलाय. आपण यांतले कोण?

फाइफ नंतर सांगत, की त्यांनाही आधी हे नको होतं. घरदार होतं, तुरुंगाची भीती होती. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. एकट्याने ठरवलं नाही. प्रश्न सगळ्या मंडळीपुढे ठेवला. बरीच चर्चा झाली आणि मग गुप्त मतदान. ५९ मतं बाजूने, दोन विरुद्ध, चौघे तटस्थ. मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात. आपल्या सार्वजनिक सभेत हात वर करून ठराव पास होतात तसं हे नव्हतं. कुणी पाहत नसताना या साध्या माणसांनी चिठ्ठीवर हो लिहिलं.

२४ मार्च १९८२ रोजी, रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, चर्चने जाहीर केलं की हे आश्रयस्थान आहे. बाहेर फलक लावले. देशाच्या कायदामंत्र्यांना पत्र लिहून कळवलं, की आम्ही असं असं करतोय. चोरून काही नाही. कॅलिफोर्नियातल्या पाच चर्चनी त्याच दिवशी तेच केलं. पुढे हे लोण पसरत गेलं. कॅथलिक, लुथरन, मेथडिस्ट, ज्यूंची सिनेगॉग, असे शेकडो समाज यात आले. एरवी एकमेकांच्या पंगतीला न बसणारे लोक दाराशी आलेल्या माणसापायी एका सतरंजीवर आले.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे तो माझ्याही मनात आला. उद्या ज्याला त्याला वाटेल तो कायदा मोडायला लागला, तर राज्य चालणार कसं? देवाचं नाव घेतलं की सगळं माफ का? कॉर्बेटचं यावर उत्तर होतं, की आम्ही कायदा मोडत नाही. निर्वासितांचा कायदा मोडतंय ते सरकार. आम्ही तो पाळतोय. आणि तुसॉनची मंडळी खरोखरच येणाऱ्याची विचारपूस करून, याला मायदेशी जिवाचं भय आहे का हे पाहून मगच पुढचं पाऊल उचलत. सरसकट दरवाजा उघडा, असं नव्हतं. हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. पण ते विचार करून दिलेलं होतं.

सरकारला ते पटलं नाही. अंगावर ध्वनिमुद्रणयंत्र लपवलेले खबरे चर्चच्या सभांत, बायबलच्या अभ्यासवर्गांत पाठवले गेले. जानेवारी १९८५ मध्ये सोळा जणांवर आरोप ठेवले. त्यांत पाद्री होते, नन होत्या. खटल्यात न्यायाधीशांनी आरोपींना एल साल्वादोरच्या परिस्थितीबद्दल किंवा स्वतःच्या श्रद्धेबद्दल ज्यूरीसमोर बोलूच दिलं नाही. १ मे १९८६ रोजी अकरांपैकी आठ जण दोषी ठरले, फाइफही त्यांत होते. कॉर्बेटसह तिघे सुटले. शिक्षा सुनावताना मात्र न्यायाधीशांनी कुणालाही तुरुंगात पाठवलं नाही, वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

हरले म्हणायचं का? त्या आधीच काही चर्चसंस्थांनी मिळून सरकारवर उलट दावा लावला होता. जानेवारी १९९१ मध्ये त्यात तडजोड झाली आणि एल साल्वादोर, ग्वातेमालाच्या लोकांचे नाकारलेले अर्ज पुन्हा नव्याने ऐकायचं सरकारने मान्य केलं. त्याच्या आदल्या वर्षी कायदाही बदलला. ज्या देशात युद्ध चालू आहे तिथल्या लोकांना तात्पुरतं संरक्षण देण्याची तरतूद आली. दहा वर्षं लागली. मधल्या काळात जे परत पाठवले गेले, त्यांना याचा काही उपयोग झाला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

पुढे या शतकाच्या सुरुवातीला त्याच वाळवंटात तिथल्या धार्मिक मंडळींनी पाण्याची पिंपं ठेवली. लांबून दिसावीत म्हणून वर उंच काठीला निळं निशाण. येणारा कोण, कशाला आला, हे पिंप विचारत नाही. हे वाचलं तेव्हा मला आपले नाथमहाराज आठवले. काशीची कावड रामेश्वराला निघाली होती आणि वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं. पुढचं तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. आपण ती गोष्ट भूतदयेची म्हणून सांगतो. पण ती नियम मोडल्याचीही गोष्ट आहे. ते पाणी देवाच्या नावाचं होतं, गाढवाला द्यायचा अधिकार नाथांना नव्हता. सोबतच्या यात्रेकरूंना ते रुचलं नाही, असं कीर्तनकार सांगतात. मला ती माणसं खरी वाटतात. त्यांत मीही असतो.

आणि हा विषय जुना झालेला नाही. चर्च, शाळा, इस्पितळं अशा ठिकाणी शक्यतो धरपकड करायची नाही, असा अमेरिकेत सरकारी शिरस्ता होता. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. लगेच क्वेकर मंडळी न्यायालयात गेली आणि त्यांच्यासोबत कोण उभं राहिलं? कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा गुरुद्वारा. त्यांचं म्हणणं, दाराशी पोलिसांची भीती असेल तर लोक देवाला यायचेच बंद होतील आणि मग आमची संगत कसली? २४ फेब्रुवारीला न्यायालयाने निदान दावा लावणाऱ्यांपुरता तरी तात्पुरता मनाई हुकूम दिला. साउथसाइडपासून गुरुद्वारापर्यंत धागा एकच आहे.

मग आपण? आपल्याकडेही ही रीत आहेच. इराणातून आलेल्या पारशांना संजाणला जागा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या अनाथ मुलांना जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतलं, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४८ पर्यंत राहिले. आपली स्वतःची घराणीही गायकवाडांच्या मागून या शहरात आली, आणि आज आपण इथलेच आहोत. पण वाडवडिलांचं पुण्य सांगून आपलं काम होत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगरजवळच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, आईबाप आणि दोन लेकरं, कॅनडा-अमेरिकेच्या सरहद्दीवर बर्फात गोठून गेलं. ते युद्धातून पळाले नव्हते. कायद्याने ते निर्वासित नव्हतेच. त्यांना आश्रय मिळायला हवा होता असं मी म्हणत नाही. पण दलालाने सोडून दिलेला माणूस तुसॉनच्या उन्हात मरो की मॅनिटोबाच्या बर्फात, मरण सारखंच. मदत करताना कोण निर्वासित, कोण नाही हा भेद पाहावा लागेल. दुःख करताना तो पाहायचं कारण नाही.

शेवटी एक कबुली द्यायची आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आपण मंडळाचं हे सभागृह उघडलं होतं. रात्री नदीकाठच्या झोपड्यांतली काही कुटुंबं जिन्यापाशी आली. बांधकामावरचे मजूर, भाषा आपली नाही, गुजरातीही धड नाही. दारात मी होतो. मी काय विचारलं माहीत आहे? "आधार कार्ड आहे का?" एका बाईच्या कडेवर पोर होतं, दोघंही निथळत होती. तिने मान हलवली. कार्ड घरात होतं आणि घर पाण्यात. ती पाच-सात मिनिटं तिथेच उभी राहिली, शेवटी आपल्या कुलकर्णी वहिनी खालून आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, बाजूला व्हा. तिला आत येऊ द्या." त्यांनी कुठली तत्त्वचर्चा केली नाही. चादर आणली.

मी नियमच पाळत होतो. सभागृहाची जबाबदारी माझ्यावर होती. पण त्या पाच-सात मिनिटांची मला आजही लाज वाटते. साउथसाइडची माणसं माझ्यापेक्षा शूर होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी वेळ येण्याआधी एकत्र बसून ठरवून ठेवलं होतं, एवढाच फरक. म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे, टाळ्यांसाठी नव्हे, कार्यकारिणीत घेण्यासाठी. पुढचा पूर येईल तेव्हा दाराशी आलेल्याला आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि नाव-गाव नंतर विचारायचं, असा ठराव आपण करून ठेवावा. हवं तर गुप्त मतदानाने करावा. विरुद्ध मतं पडली तरी चालेल. ठरवून ठेवलेलं बरं.

 गणपती बाप्पा मोरया!