मिळकतीचा हक्क : खरेदीपूर्वीचा विचार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. कायद्याचे पंडित नव्हे. तथापि पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो, या न्यायाने आमची ठेच आपणांपुढे मांडण्यास उभे आहोत.

सन २०१७ मध्ये निवृत्तीच्या पुंजीतून आम्ही तालुक्याच्या गावी एक भूखंड घेतला. सातबाराच्या उताऱ्यावर विक्रेत्या गृहस्थांचे एकट्याचेच नाव होते. तेवढे पाहून आम्ही निश्चिंत झालो. वर्ष लोटले नाही तोच त्यांच्या दोन भगिनींनी आमच्यावर दावा लावला. वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना या दोघींची नावे वगळण्यात आली होती! चार वर्षे तारखा झाल्या. अखेर तडजोड होऊन त्यांच्या हिश्श्याची रक्कम आम्हांस पुन्हा मोजावी लागली, तेव्हा त्यांनी नोंदणीकृत पुष्टीपत्र लिहून दिले.

आमची चूक कोठे झाली? सातबारा अथवा शहरातील मिळकतपत्रिका म्हणजे मालकीचे अंतिम प्रमाण, असे आम्ही समजलो. वास्तविक ही महसुलाची दफ्तरे होत. त्यांतील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. फेरफाराने मालकी जन्मास येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. १९०८ च्या कायद्यान्वये होणारी नोंदणीही दस्ताची असते, हक्काची नव्हे. विकणाऱ्याच्या मालकीची हमी दुय्यम निबंधक घेत नाही.

म्हणून खरेदी करणाऱ्याने जाणत्या वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. सूची क्रमांक दोनचे उतारे, जुने फेरफार आणि मूळ खरेदीखते यांची साखळी जुळवावी. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा वा कूळ आहे काय, जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे काय, हे पाहावे. वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रेत्याच्या घराण्याची वंशावळ मागावी व लेकींची नावे मोजावीत.

कोणी विचारतील, याचा विमा नसतो काय? असतो. त्यास टायटल इन्शुरन्स म्हणतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी १८७६ साली अशा विम्याची पहिली कंपनी निघाली. एकदाच हप्ता भरावयाचा. पुढे खोटी सही अथवा वगळलेला वारस असा मागील दोष निघाला, तर कंपनी ठरल्या रकमेपर्यंत नुकसान व दाव्याचा खर्च सोसते. आपल्याकडे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ याच्या कलम १६ मध्ये बांधकाम व्यावसायिकाने असा विमा उतरविण्याची तरतूद आहे; मात्र ती राज्य शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. सदनिका घेणाऱ्याने कलम १८ ही ध्यानी ठेवावे. जमिनीच्या सदोष हक्कामुळे झालेल्या हानीची भरपाई व्यावसायिकाने द्यावयाची असते आणि त्या मागणीस मुदतीची आडकाठी नाही. परंतु भूखंड घेणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या हाती हा विमा अद्याप क्वचितच येतो. शिवाय विमा पैसा देईल. गेलेले घर व उडालेली झोप परत देणार नाही.

आता एक गोष्ट, जी सांगताना आम्हांस संकोच वाटतो. त्या दोन भगिनींवर आरंभी आम्ही फार रागावलो होतो. पुढे स्मरण झाले की, आमच्या वडिलांच्या घराच्या वेळी आम्हीही आमच्या बहिणीकडून साडीचोळी देऊन हक्कसोडपत्र करून घेतले होते, आणि तिने ते न वाचताच सही केली होती. १९५६ च्या कायद्याने कन्येस पित्याच्या संपत्तीत वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच पुत्राइतका हक्क दिला. तो डावलला गेला, की मिळकतीला कीड लागते आणि ती पुढे कोणा निरपराध खरेदीदारास भोवते. दुसऱ्याचे कागद तपासण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरचे कागद नीट करावेत. आम्ही गतवर्षी बहिणीकडे गेलो, तिचा वाटा तिच्यापुढे ठेवला आणि मग शांतपणे झोपलो.